बाटलीची जबानी

नाशिकला गंगापूर रोडवर टिपणिसांचा बंगला आहे. एके काळी त्या बंगल्यात माणसं तीन आणि शॅम्पेनच्या बाटल्या तीनशे अशी वस्ती होती, आणि घरातला सगळा थंडावा बाटल्यांच्या वाट्याला होता. माणसांचं काय, त्यांना पंखे होते! पुढे सासूबाई गेल्या आणि माणसं दोनच उरली. बाटल्या मात्र होत्या तिथेच होत्या, तळघरातल्या खोलीत, काळोखात, तेरा अंशांवर, लाकडी मांडणीत आडव्या निजलेल्या.

त्या दिवशी वसुधा निनावं, म्हणजे बेसनाची जाडसर गोड वडी, भाजायला ठेवत होती. बेसन छान परतलं गेलं होतं, नारळाचं दूध पडलं होतं, आणि तेवढ्यात तिचे यजमान, सुबोधराव, जवळजवळ नाचतच स्वयंपाकघरात आले. साठी उलटलेला माणूस, गुडघे दुखतात म्हणून देवळाची पायरी चढत नाही, आणि इथे बघा!

“वसू, यंत्र येतंय! येत्या मंगळवारी. ‘साक्ष’वाले स्वतः आपल्या घरी येणार. मुंबई-दिल्लीच्या लोकांना महिनोन्‌महिने ताटकळत ठेवलंय, आणि आपला नंबर लागला!”

वसुधाने हातातला झारा खाली ठेवला.

“कशाला पण?” ती म्हणाली. “इतकी वर्षं यंत्रावाचून चाललंच ना? झाकली मूठ सव्वा लाखाची असते.”

“गेले ते दिवस. आता झाकल्या मुठीला कुणी कवडी देत नाही, उघडून दाखवावी लागते.” त्यांनी भांड्याच्या कडेचं सारण बोटाने निपटून खाल्लं. “आणि आपल्याला कसली गं भीती? माझ्या बाटल्यांनी जन्मात चौदावा अंश पाहिलेला नाही. अशी खोली दुसरी कुणाकडे असेल तर दाखव मला.”

वसुधाने भांडं ओव्हनमध्ये सरकवलं. बटण आधी भलत्याच आकड्यावर फिरवलं, मग मागे आणलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते खोटं नाही.

आता एका कारखानदाराच्या तळघरात एवढी शॅम्पेन आली कुठून, ते सांगायला हवं. सुबोधरावांचा सातपूरला गाड्यांच्या गिअरचे दाते कापायचा कारखाना होता. बेताचा, पण नेटका चालणारा. एकदा एका फ्रेंच गिऱ्हाइकाने त्यांना वीस वर्षांची जुनी शॅम्पेन पाजली आणि सुबोधराव गेले कामातून. शॅम्पेन म्हणजे फटकन उडवायची, लग्नात ओतायची, सामना जिंकला की एकमेकांच्या अंगावर फवारायची, असाच तोवर जगाचा समज. ती मुरू द्यायची असते, मुरली की तिला भाजल्या बदामाचा न्‌ मधाचा वास सुटतो, हे संग्रह करणाऱ्यांना तसं उशिराच कळलं. आणि कळलं तेव्हा त्यांची डोकीच फिरली. बाकीच्या वाइनवर लाख खर्चणारा माणूस शॅम्पेनवर दोन लाख ओतायला लागला. ती पिकते तो मुलूख चिमूटभर, द्राक्षं तेवढीच, आणि हपापलेले लोक जगभर. भाव चढणार नाहीत तर काय होणार? चांगल्या सालाची एक पेटी घ्यायची म्हणजे नाशकात एक दुकानगाळा विकायचा.

“अगं, पाच हजारांची आहे,” असं सुबोधराव प्रत्येक बाटलीला सांगायचे. वसुधा मनातल्या मनात त्यावर एक शून्य चढवायची, आणि तरी ते कमीच पडायचं. त्र्यंबक रोडचा प्लॉट असाच घशाखाली न उतरता बाटल्यांत उतरला. काही विचारायला जावं तर “हौसेला मोल नाही” हे उत्तर ठरलेलं. पुढे विजेच्या गाड्या आल्या, गिअरच्या दात्यांना कुणी विचारीना, कारखान्याला टाळं लागलं, आणि जी हौस होती तीच पुंजी होऊन बसली.

“आपलं म्हातारपण खाली झोपलंय, वसू,” सुबोधराव म्हणायचे. “वेळ आली की उठवू.”

ती वेळ आली होती. लंडनच्या एका लिलाववाल्याने सगळ्या संग्रहाचा चार कोटींचा अंदाज दिला होता. अट एकच, ‘साक्ष’चा दाखला हवा.

हे ‘साक्ष’ म्हणजे काय, ते सुबोधरावांनी येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा समजावलं होतं की वसुधाला पाठ झालं होतं. लोणच्याची बरणी उघडल्याशिवाय आत काय झालंय ते कळत नाही, आणि उघडून हवा लागली की बिघडायला तेवढं पुरतं. बाटलीचंही तसंच. म्हणून जुनी बाटली आजवर निव्वळ विश्वासावर विकली जायची. ‘साक्ष’ ती न उघडता वाचते. बाटलीभोवती लोहचुंबकाचं कडं बसवतात, आतल्या रेणूंना हलकासा धक्का देतात, आणि रेणू परत जागेवर येताना जी बारीकशी खूण सोडतात ती टिपून घेतात. हॉस्पिटलात माणसाचा एमआरआय काढतात, त्यातलाच प्रकार. आंबलं किती, फेस उरलाय किती, सगळं समजतं.

इथवर ठीक होतं हो. पण यंत्रवाल्यांनी पुढची गोष्ट शोधली ती बुचाची. शॅम्पेनच्या बाटलीत गाडीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट दाब असतो. तो वायू बुचाच्या अतिसूक्ष्म भोकांतून वर्षानुवर्षं मुंगीच्या पावलाने बाहेर सरकत असतो. बाटली तापली की जास्त सरकतो, गार राहिली की कमी. झाडाच्या खोडात दर वर्षाचं एकेक वलय पडतं ना, तसे बुचात थर पडतात. खोली कितीही चांगली असली तरी उन्हाळ्यात पाव-अर्ध्या अंशाचा फरक पडतोच, त्यावरून वर्षं मोजायची. मध्येच एखादा थर जाड लागला की समजायचं, अमुक साली अमुक महिन्यात ह्या बाटलीला ऊब लागली. उजेड लागला असेल तर त्याची खूण वाइनमध्ये वेगळी. म्हणजे बाटलीवर आजवर काय काय गुदरलं ते बाटलीच सांगते.

आणि एकदा ती बोलायला लागली की फक्त स्वतःबद्दल थोडीच बोलते! पुण्यात वडिलांच्या बाटल्या वाटून घेतलेले दोन सख्खे भाऊ, एकाच्या वाट्याला सगळ्या तापलेल्या बाटल्या आल्याचं यंत्राने सांगितलं म्हणून, कोर्टात उभे राहिले. मुंबईच्या एका बाईला नवऱ्याच्या दुसऱ्या बिऱ्हाडाचा पत्ता लागला, कारण घरातली म्हणून मिरवलेली पेटी दर पावसाळ्यात कुठल्याशा गार डोंगरावर राहून आलेली निघाली. लोक हसले, त्या बाईला कुठलं हसू यायला?

वसुधाला ठाऊक होतं आपल्या बाटल्या काय सांगणार ते.

नऊ वर्षांपूर्वीचा मे महिना. नाशकात लोक अजून त्याला नुसतं ‘तो मे’ म्हणतात. नाशिकसारख्या गावाचा पारा सत्तेचाळिसावर गेला, ट्रान्सफॉर्मर एकामागून एक जळाले आणि अख्खं शहर विजेवाचून पडलं. दवाखान्यांच्या व्हरांड्यात म्हातारी माणसं ओळीने निजवलेली, वर सलाईन, खाली पाण्याची बादली. सुबोधराव दरसालच्या खरेदीला फ्रान्समध्ये होते. बंगल्यात वसुधा आणि तिच्या सासूबाई. वय शहाऐंशी, त्यात दमा. घरात जनरेटर होता, पण त्याची तार फक्त तळघराच्या एसीला जोडलेली होती. तशी सुबोधरावांनी मुद्दाम जोडून घेतली होती.

फोन कसाबसा लागला तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न, “खोली किती अंशांवर आहे?”

“तेरा,” वसुधा म्हणाली, आणि तेव्हा ते खरं होतं. “अहो, पण आईंची धाप थांबत नाहीये. मला भीती वाटते.”

“कपाळावर ओलं फडकं ठेव, पाणी पाजत राहा. आणि हे बघ, काही झालं तरी खोलीचं दार उघडू नकोस हं.” तेवढ्यात फोन तुटला तो तुटलाच.

एसीचं काम बघणारे रज्जाकभाई मागच्या गल्लीत राहायचे. वसुधाने त्यांना बोलावून आणलं. त्यांनी जनरेटर पाहिला आणि मान हलवली.

“ताई, ही तार काढून वरच्या बेडरूमला देतो. पण मग खालचं तापणार बघा. चाळीसला जाईल. साहेबांचा समदा माल शिजेल. दोन्हीकडं न्यायला एवढ्या जनरेटरमधी दम नाही.”

इकडे आड, तिकडे विहीर! एका बाजूला नवऱ्याच्या आयुष्यभराची कमाई, दुसऱ्या बाजूला त्याची आई. वसुधा जिन्यावर बसून रडली, मग डोळे पुसून उठली आणि म्हणाली, “थंडावा वर नेता येत नाही ना? मग आईंनाच खाली नेऊ.”

दोघांनी म्हातारीला खुर्चीत बसवून खाली उतरवलं आणि मांडण्यांच्या मधे खाट टाकली. पण तेरा अंश म्हणजे काही गंमत नाही. घटकाभरात सासूबाईंचे ओठ निळे पडायला लागले, छातीत घरघर सुरू झाली. रज्जाकभाईंनी एसी वाढवत वाढवत सव्विसावर आणला, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली. काळोखात त्यांचा जीव घाबरायचा, म्हणून दिवाही रात्रंदिवस चालू. वसुधाचं मन म्हणत होतं, सव्वीस म्हणजे काही चाळीस नव्हे. बाटल्याही वाचतील, आईही वाचतील.

दुसऱ्या दिवशी म्हातारीने डोळे उघडून चौफेर पाहिलं.

“ह्या कसल्या गं बाटल्या? काढ्याच्या?”

“सरबताच्या आहेत, आई.”

“एवढं सरबत कोण पिणार? मेला लहानपणापासून हावरट!”

पुढे त्यांना चांगलीच तरतरी आली. ओला पंचा मांडणीवर वाळत घातला, जपाची माळ एका लाखमोलाच्या बाटलीच्या मानेत अडकवली, आणि वसुधाला शेजारी बसवून माहेरच्या गोष्टी सांगितल्या. त्या आठवड्यात गल्लीतून चार तिरड्या गेल्या. टिपणिसांकडून गेली नाही. सासूबाई त्यानंतर तीन वर्षं जगल्या आणि एका पहाटे झोपेत शांतपणे गेल्या.

सुबोधराव फ्रान्सहून आले ते बूटसुद्धा न काढता थेट तळघरात. तोवर खोली परत तेरावर आली होती. ते वर आले तेव्हा तोंडभर हसत होते. “तेरा! शाब्बास वसू!” मग ते आईच्या खोलीत गेले. वसुधा तेव्हा सांगणारच होती, शब्द अगदी ओठांवर आले होते, पण सासूबाईंनी तिचा हात घट्ट दाबून धरला.

नंतर दोघीच असताना त्या म्हणाल्या, “नको सांगूस गं त्याला. तो त्यावर काय बोलेल, ते मला ऐकायचं नाहीये.” रज्जाकभाईंनाही त्यांनी स्वतःच्या गळ्याची शपथ घातली. त्या गेल्यावर सांगू, असं वसुधाने ठरवलं होतं. पण आई गेलेल्या माणसाला असलं काही कुठे सांगायचं? आज नको, उद्या बघू, असं करता करता वर्षं गेली.

आणि आता मंगळवार येत होता.

रविवारी संध्याकाळी सुबोधराव चहा घेत अंगणात बसले होते. दापोलीला लहानसं घर घ्यायचं, वसूच्या गुडघ्यांचं ऑपरेशन चांगल्या ठिकाणी करायचं, कारखान्याच्या जुन्या माणसांना काहीतरी द्यायचं, असे त्यांचे बेत चालले होते. इतका हलका झालेला नवरा वसुधाने किती वर्षांत पाहिला नव्हता. तिने सगळा धीर गोळा केला.

“अहो, त्या मे महिन्यात ना...”

“अगं, तेच तर!” सुबोधरावांनी मांडीवर थाप मारली. “त्या मे महिन्यात सगळ्यांचा माल भाजून निघाला. पुणं नाही, मुंबई नाही, कुणाचा वाचला नाही. लंडनवाले मला काय म्हणाले माहितीये? त्या आठवड्यातून अख्खा बाहेर पडलेला इकडचा हा एकच संग्रह असेल. चार कोटी कशाचे वाटले तुला? त्या आठवड्याचेच आहेत!”

वसुधाने कप उचलला आणि आत जाऊन उगाच विसळत उभी राहिली. मग लपूनछपून ‘साक्ष’च्या ऑफिसला फोन लावला. नुसता दाब मोजून मिळेल का, मागचं सगळं वाचायलाच हवं का, असं विचारलं. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, “मॅडम, अर्धी जबानी नसते ना.” वसुधाने हात टेकले. माणसाला विनवता येतं, यंत्राला कसं विनवणार?

मंगळवारी यंत्र आलं. शिलाई मशीनएवढी पेटी, तिला एक जाड कडं, आणि सोबत आहेर नावाचे मध्यमवयीन गृहस्थ. बोलायला मऊ. सुबोधरावांनी इस्त्रीचा झब्बा घातला होता. वसुधाने चहा आणि निनाव्याच्या वड्या खाली नेऊन ठेवल्या, आणि तिथून तिचा पाय निघेना.

आहेरांनी पहिली बाटली कड्यात ठेवली. पडद्यावर डावीकडून रेघ सरकायला लागली, बारीक बारीक लाटांची, एका उन्हाळ्याची एक लाट. सुबोधराव लहान मुलासारखे वर्षं मोजत होते.

“सरळ! बघा कशी आहे. आहेर, अशी रेघ पाहिलीत कुठे?”

“नाही साहेब. खरंच सुंदर ठेवलाय माल,” आहेर मनापासून म्हणाले. आणि त्याच वेळी रेघ ताडकन वर उसळली, काही वेळ वरच राहिली, आणि पुन्हा खाली येऊन मुकाट्याने चालायला लागली.

“हे काय?” सुबोधराव म्हणाले.

आहेरांनी आकडे पाहिले. “साहेब, नऊ वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ऊब लागलीय. आठवडाभर, सव्वीसच्या आसपास. आणि उजेडही दिसतोय, सतत.”

“शक्यच नाही. दुसरी लावा.”

दुसरी लावली. तिसरी लावली. वेगळ्या मांडणीतली, वेगळ्या सालाची, कोपऱ्यातली. प्रत्येक रेघ त्याच जागी आली की उसळी घ्यायची. दहाव्या बाटलीनंतर सुबोधरावांचा आवाज चढला. “तुमचं यंत्र बिघडलंय! बंद करा ते!”

“एखाद्या बाटलीत यंत्र चुकेल हो साहेब. पण दहाच्या दहा एकच खोटं कसं बोलतील?” आहेर हळूच म्हणाले. “आणि बंद करून आता उपयोग नाही. रेघ उमटली की तेव्हाच लंडनला पोचते. मला पण पुसता येत नाही.”

“चवीला काय फरक पडणार आहे एवढ्याने?”

“तुम्हाला-मला काही कळणार नाही. चांगल्या चांगल्या जाणकारांना नाही कळणार. पण आता जीभ कोण विचारतंय? रेघेवर भाव ठरतो.” ते पुढचं बोलायला कचरत होते. “डाग असलेला माल मोठी हॉटेलं उचलतात. रविवारच्या नाश्त्याला संत्र्याच्या रसात घालायला.”

उरलेल्या बाटल्या वाचायच्या थांबवून आहेर आपली पेटी आवरून निघून गेले. वडीला त्यांनी हात लावला नव्हता. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच लंडनचा निरोप आला. अंदाज मागे घेतला होता. नवा आकडा इतका लहान होता की सुबोधरावांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. त्यात दापोलीचं घर सोडाच, तळघराच्या एसीचं आजवरचं वीजबिलही निघालं नसतं.

त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. त्यांनी तळघराच्या एसीचा आकडा पुन्हा एकदा पाहिला. मग एकदम म्हणाले, “रज्जाक!”

“काय?”

“रज्जाकनेच केलं हे. मी नव्हतो, तू वर आईपाशी. किल्ली कुणाकडे होती? त्याच्याकडे. जनरेटरची तार काढून विकली असेल वीज कुणाला तरी, त्या दिवसांत लोक हवे तेवढे पैसे मोजत होते. नाहीतर स्वतःचं कुटुंब आणून झोपवलं असेल इथे. सोडणार नाही मी त्याला!”

“अहो, असं काय बोलता? ऐका तरी...”

पण त्यांनी फोन लावलासुद्धा होता. स्पीकरवर रज्जाकभाईंचा थकलेला आवाज आला. आता त्यांचं वय झालं होतं, काम मुलगा बघायचा. सुबोधरावांनी त्यांना अरे-तुरे केलं, चोर म्हटलं, पोलिसात देईन म्हणाले.

“साहेब,” शेवटी रज्जाकभाई म्हणाले, “माझीच चूक झाली असंल. मशीन माझ्या हाताखाली होती. तुमी म्हणाल तसं. तक्रार करायची तर करा.”

त्यांना बोलता आलं असतं. एका वाक्यात सुटले असते. पण मेलेल्या म्हातारीला दिलेला शब्द तो माणूस तुरुंगाच्या दारातही मोडायला तयार नव्हता, आणि आपण मात्र इथे पदर चाचपत उभ्या! वसुधाला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने पुढे होऊन नवऱ्याच्या हातातून फोन काढून घेतला.

“रज्जाकभाई, तुम्ही फोन ठेवा. मी सांगते ह्यांना.” तिने फोन बंद केला. “त्यांना एक शब्द बोलू नका. एसी मी वाढवायला लावला. खोलीत आई होत्या.”

“कुणाची आई?”

“तुमची.”

मग तिने सगळं सांगितलं. धाप, निळे ओठ, खुर्चीतून खाली आणणं, खाट, दिवा. जपाची माळ कुठल्या मानेत अडकवली होती ते दाखवलं. ‘मेला हावरट’ही सांगितलं. सुबोधराव हळूहळू चालत मांडण्यांच्या मधे गेले, जिथे खाट होती तिथे.

“इथे?” त्यांनी विचारलं.

“हो. डोकं ह्या बाजूला.”

ते खाली वाकले, तळवा फरशीवर टेकला आणि रडायला लागले. आईच्या दहाव्यालाही हा माणूस असा रडला नव्हता. वसुधा कशीबशी गुडघे दुमडून शेजारी बसली आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पैसे गेले होते, घर गेलं होतं, म्हातारपण उघड्यावर पडलं होतं, ते सगळं तिला कळत होतं. तरी नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचा श्वास मोकळा झाला होता. सासूबाई उगीच घाबरल्या, तिला वाटलं. आपल्याच लेकाला त्यांनी ओळखलं नाही.

हळूहळू त्यांचे हुंदके थांबले. त्यांनी झब्ब्याच्या बाहीला डोळे पुसले, समोरच्या मांडणीकडे पाहिलं.

“सव्वीस का केलंस पण?”

“अहो, सांगितलं ना, तेरात त्यांचे ओठ निळे पडले.”

“तेरा नाही म्हणत मी. अठरा. अठरापर्यंत बाजार माफ करतो. अठराला एवढी रेघ उठली नसती.”

“थंडी वाजत होती हो त्यांना.”

“मग दोन रजया घालायच्या होत्यास ना, वसू.”

आवाजात राग नव्हता. उलट माया होती. भाजीत मीठ जास्त झालं तर सांगावं, तसं ते समजुतीने सांगत होते. वसुधाचा त्यांच्या पाठीवरचा हात जागच्या जागी थांबला.

“दोन घातल्या होत्या,” ती म्हणाली.

सुबोधरावांनी मान हलवली. मग तिच्याकडे वळून, खरंच जाणून घ्यायचं आहे अशा चेहऱ्याने, त्यांनी विचारलं,

“तिसरी नव्हती का गं घरात?”